ऑफिसचे आयपी फोन: क्यूओएस (आवाजाला आधी जाऊ द्यायची सेटिंग) लावलं तरी दुपारी समोरच्याला आवाज तुटक जातोय, चुकतंय कुठे?

फोर्टचा_आयटीवाला | मंगळवार, रात्री १०.३५

नमस्कार मंडळी, बॅलार्ड इस्टेटला कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस आहे, तिथलं कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क, फोन सगळं मी एकटाच बघतो. २६ आयपी फोन आहेत, सर्व्हर रूममध्ये ॲस्टेरिस्कचा पीबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज), बाहेरच्या कॉलसाठी इंटरनेटवरूनच एसआयपी ट्रंक (फोन कंपनीशी जोडणी). लाइन फायबरची, ५० एमबीपीएस डाऊनलोड आणि १० अपलोड. राउटर मायक्रोटिक. एका वेळी फार फार तर १२-१३ कॉल चालू असतात.

सकाळी सगळं व्यवस्थित असतं आणि दुपारी साडेतीन-चार वाजले की बोंब सुरू. समोरचा म्हणतो तुमचा आवाज तुटतोय, परत बोला, परत बोला. आम्हाला मात्र त्याचा आवाज अगदी स्वच्छ येतो. आमचे लोक न्हावा शेवाला गाडी घेऊन उभ्या असलेल्या ड्रायव्हरला कंटेनर नंबर सांगतात, चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातला एक आकडा जरी गिळला गेला तरी पुढचं सगळं काम अडतं. काल आमच्या ऑपरेशन्सच्या मुलीला तोच नंबर पाच वेळा सांगावा लागला, शेवटी तिने स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. मी शेजारीच उभा होतो, फार वाईट वाटलं, कारण ही सिस्टिम घ्या असं मीच मागे लागून सांगितलं होतं.

मी केलंय ते असं: फोनमध्ये आवाजाला डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) ४६ आणि सिग्नलिंगला (कॉल लावण्या-तोडण्याच्या संदेशांना) २४ टाकलं. राउटरवर सिंपल क्यू (रांगेचा नियम) बनवून फोनच्या आयपी रेंजला प्रायॉरिटी १ दिली. लाइनवाल्यांना बोलावलं, त्यांनी स्पीडटेस्ट करून दाखवली, स्पीड खरंच पूर्ण येतोय. आता साहेब म्हणतायत १०० ची लाइन घेऊन टाकू. पण पैसे घालून तोच त्रास राहिला तर मी त्यांना काय सांगू?

अजून एक, खिडकीकडच्या रांगेतल्या सहा टेबलांना ऑफिसातल्या ऑफिसात कॉल केला तरी खरखर येते. बाकी कुणालाच येत नाही. हे वेगळं आहे की त्यातलंच?

वायरिंग_वेडा | मंगळवार, रात्री ११.०२

भाऊ सरळ १०० ची लाइन घ्या, आम्ही लोअर परळच्या ऑफिसात तेच केलं आणि तक्रारी बंद झाल्या. क्यूओएसच्या भानगडीत पडलात की एक सोडवायला जाता आणि चार बिघडतात, स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

नेटवर्कवाली_ठाणे | बुधवार, सकाळी ७.५०

लोकलमध्ये बसून टाइप करतेय, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

लाइन वाढवायच्या आधी एकदा कागदावर हिशेब करा. तुमचे फोन बहुतेक जी.७११ या कोडेकवर (आवाजाचा डेटा करायची पद्धत) असणार. त्यात दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. एका पॅकेटमध्ये आवाज १६० बाइट, वर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या आवाज वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचं हेडर मिळून ४०. २०० गुणिले ८ गुणिले ५०, झाले ८० केबीपीएस, इथरनेटचं ओझं धरलं तर ८७. १३ कॉल एकदम चालू असले तरी १.१ एमबीपीएसच्या आसपास, आणि तुमच्याकडे १० आहेत. म्हणजे फोनला जागा कमी पडत नाहीये, फोनच्या पुढे दुसरंच कोणीतरी येऊन उभं राहतंय.

आणि तुम्ही स्वतःच अर्धं उत्तर लिहिलंय. तुम्हाला त्यांचं नीट ऐकू येतं, त्यांना तुमचं येत नाही, म्हणजे घोळ जाणाऱ्या दिशेला, अपलोडला आहे. दुपारी साडेतीनला तुमच्या ऑफिसातून बाहेर काय जातं ते शोधा. मोठी काहीतरी अपलोड असणार, बॅकअप, सीसीटीव्ही, ड्राइव्हचं सिंक, असलं काही.

आता क्यूओएस लावूनही फरक का पडत नाही. प्रायॉरिटी फक्त जिथे रांग लागते तिथेच चालते, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. समजा सोसायटीच्या गेटवर वॉचमन ॲम्ब्युलन्सला आधी सोडतोय, पण गेटच्या आत गर्दीच नाहीये, जॅम लागलाय बाहेर जेव्हीएलआरवर. वॉचमनने कितीही शिट्ट्या मारल्या तरी ॲम्ब्युलन्स बाहेर जाऊन सगळ्यांच्या मागेच उभी राहणार. तुमचा राउटर म्हणजे तो वॉचमन. राउटरपासून फायबरच्या डब्यापर्यंतची वायर गिगाबिटची, राउटर १० काय १०० एमबीपीएस पण धडाधड पुढे ढकलतो, त्याच्याकडे रांग लागतच नाही. रांग लागते पुढच्या डब्यात, आणि त्या डब्याला तुमच्या प्रायॉरिटीचं काही पडलेलं नाही, जो आधी आला तो आधी जाणार. त्या डब्यात १ एमबीचा बफर (पॅकेट थांबायची जागा) जरी असला तरी १० एमबीपीएसवर तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतो. आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदाच्या आत ठेवा असं सांगितलंय, आणि इथे नुसत्या रांगेत ८०० जातायत. वर बफर भरला की पॅकेट टाकून दिली जातात ती वेगळीच.

तेव्हा जॅम गेटच्या आत आणायचा, म्हणजे वॉचमनच्या हातात काहीतरी राहील. अपलोड मोजा, ९.६ आला तर राउटरवर बाहेर जाणाऱ्या इंटरफेसला क्यू ट्री (एका मोठ्या रांगेखाली छोट्या रांगा) लावून पॅरेंटची, म्हणजे वरच्या मोठ्या रांगेची, मॅक्स-लिमिट (जास्तीत जास्त वेग) ९ ठेवा. त्याखाली दोन पोरं, एक आवाजाचं, प्रायॉरिटी १, लिमिट-ॲट (हक्काचा वेग) २, आणि दुसरं बाकी सगळ्याचं, प्रायॉरिटी ८, लिमिट-ॲट ७, मॅक्स ९. आवाजाची जागा रिकामी असली की बाकीचे ती वापरतात, वाया काही जात नाही. राउटरचं सॉफ्टवेअर राउटरओएस ७ असेल तर बाकीच्या क्यूला एफक्यू-कोडेल (रांग लांब होऊ न देणारी पद्धत) टाइप द्या, त्याने ब्राउझिंग पण हलकं होतं. तुम्ही लिहिलंय नुसती प्रायॉरिटी १ दिली, पण वर पॅरेंट नसेल आणि त्याला लिमिट नसेल तर मायक्रोटिकमध्ये त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

अजून दोन ठिकाणी बघा, मला दाट शंका आहे. एक, तुमची क्यू फोनच्या आयपीवर आहे, पण बाहेरचा कॉल फोनवरून थेट जातोय का? आवाज फोनकडून पीबीएक्सला जातो आणि पीबीएक्स नवीन पॅकेट बनवून बाहेर पाठवतो. राउटरला दिसतो तो पीबीएक्सचा आयपी. त्या क्यूचे बाइट काउंटर उघडून बघा, मला वाटतं शून्यच असतील. फोनमध्ये टाकलेलं ४६ सुद्धा पीबीएक्सपाशीच संपतं, ॲस्टेरिस्कला वेगळं सांगावं लागतं, एंडपॉइंटच्या सेटिंगमध्ये टीओएस ऑडिओ ईएफ (म्हणजे तेच ४६) करा. दोन, फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा (चालू कनेक्शनला शॉर्टकटने पुढे सोडायचा) रूल आहे का? डीफॉल्ट कॉन्फिगमध्ये असतोच. फास्टट्रॅक झालेलं ट्रॅफिक मँगल (पॅकेटवर खूण करणारे रूल) आणि सिंपल क्यूला वळसा घालून जातं, मग तुम्ही कितीही क्यू बनवा.

घाटकोपर आलं, गर्दी वाढली, खिडकीच्या रांगेचं नंतर.

एक्सचेंज_काका | बुधवार, दुपारी १२.२०

ताईंनी छान समजावलं. मी आयुष्यभर टेलिफोनच्या कामात होतो. ट्रंक कॉलच्या जमान्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार असायचे, लाइटनिंगवाल्याला आधी लाइन मिळायची कारण बुकिंगची रांग ऑपरेटरच्या समोर असायची, तिच्या हातात असायची. ती रांग दुसऱ्या गावच्या एक्सचेंजला असती तर आमच्या ऑपरेटरने काय केलं असतं? तेच आहे हे.

खिडकीच्या रांगेबद्दल सांगतो. आतल्या आत कॉल केला तरी खरखर, म्हणजे इंटरनेटचा त्यात काही संबंध नाही आणि क्यूओएसचाही नाही. तुमच्या स्विचवर त्या सहा जणांच्या पोर्टचे, आणि त्या रांगेला लहान स्विच लावलेला असेल तर त्याच्या अपलिंकचे (मोठ्या स्विचकडे जाणाऱ्या वायरचे) एरर काउंटर बघा. सीआरसी किंवा एफसीएस एरर (बिघडून पोचलेली पॅकेट) वाढत असतील तर वायर, आयओ (भिंतीवरचा नेटवर्कचा सॉकेट) किंवा कनेक्टर. लेट कोलिजन (पॅकेटची उशिरा झालेली टक्कर) दिसत असतील तर एका बाजूला कुणीतरी १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशा) हाताने ठोकून ठेवलंय आणि दुसरी बाजू ऑटोवर आहे, ऑटोवाली बाजू मग हाफवर (एका वेळी एकच दिशा) जाते. जुन्या ऑफिसात हे फार सापडतं. आणि मुंबईत खिडकीकडची वायर म्हटली की आधी ओल बघायची बाळा, नंतर कॉन्फिग.

फोर्टचा_आयटीवाला | बुधवार, संध्याकाळी ७.४५

ताई, काका, दोघांचे मनापासून आभार. आज दिवसभर याच्याच मागे होतो.

१. माझ्या सिंपल क्यूचे काउंटर खरंच शून्य! सहा महिने ती क्यू तशीच बसलीय आणि मी समजत होतो की काम करतेय.

२. फास्टट्रॅक चालू होता.

३. दुपारी ३.४० ला राउटरवर टॉर्च (कोण किती डेटा पाठवतंय ते दाखवणारं टूल) लावून बसलो. पिंग (पॅकेट जाऊन परत यायचा वेळ) नेहमी ६-७ मिलिसेकंद असतो, ३.५० ला ५४० वर गेला. अपलोड कोण करतंय बघितलं तर स्कॅनिंगचा पीसी. आमचे सगळे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग दुपारी गठ्ठ्याने स्कॅन होतात, कलरमध्ये, आणि तो फोल्डर क्लाउडला सिंक होतो. एकटा पीसी ९ एमबीपीएसच्या वर खेचत होता. टॉर्चमध्ये डीएससीपीचा कॉलम पण चालू केला, पीबीएक्सकडून जाणाऱ्या पॅकेटवर ० दिसतंय, ४६ नाही. म्हणजे ताई तुमच्या सगळ्या शंका बरोबर निघाल्या.

प्रश्न असा की फास्टट्रॅक बंद केला तर राउटर दमणार नाही ना? आणि पीबीएक्सवर ईएफ लावलं की पुढे लाइनवाले पण त्याला मान देतील का?

घाटकोपर_एनओसी | बुधवार, रात्री ९.१५

५० च्या लाइनला काही होत नाही, सीपीयू बघत राहा, फार वाढला तर बोलू.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. साध्या इंटरनेट लाइनवर तुमचं ४६ बाहेर गेल्यावर त्याला कोणी विचारेल असं धरून चालू नका, बऱ्याच ठिकाणी ते पुसून ० केलं जातं. एमपीएलएस (कंपनीसाठीची खासगी लाइन) घेतलं आणि त्यात व्हॉइसचा क्लास करारात लिहून घेतला तर तिथे मान मिळतो, त्याचे पैसे वेगळे. पण तुमचं दुखणं बाहेर नाहीये, ते तुमच्या स्वतःच्या शेवटच्या १० एमबीपीएसमध्ये आहे, आणि ते तुमच्या हातात आहे. त्यामुळे ईएफ लावा, पण भरवसा आपल्या राउटरच्या क्यूवर ठेवा. मँगलमध्ये पीबीएक्सच्या आयपीवरून निघणारं यूडीपी पकडून मार्क केलं तरी पुरे, डीएससीपीवर अडून राहायची गरज नाही. आणि उगाच सगळ्यांना ४६ देऊ नका. मी एका ठिकाणी बघितलंय, साहेबांचा लॅपटॉप, व्हिडिओ मीटिंग, सर्व्हर, सगळं प्रायॉरिटी १ मध्ये घातलेलं, मग फोन पुन्हा त्याच गर्दीत.

डाऊनलोडचंही सांगून ठेवतो. येणारी रांग लाइनवाल्यांच्या बाजूला लागते, तिथे आपला हात पोचत नाही. पण येणारं ट्रॅफिक ४५ वर आवळलं तर टीसीपीवाले डाऊनलोड आपोआप वेग कमी करतात आणि रांग तिकडे फार लागत नाही. सध्या त्रास नाहीये तरी करून ठेवा, कुणी मोठा अपडेट खेचायला लागलं की त्या दिवशी तुम्हाला समोरच्याचा आवाज तुटक यायला लागेल.

स्विच कुठला आहे? जुना सिस्को २९६० असेल आणि त्यावर कुणी एमएलएस क्यूओएस चालू करून पोर्टला ट्रस्ट (आलेला आकडा तसाच मानायची सेटिंग) दिलेला नसेल तर तो स्विच येणाऱ्या पॅकेटचं डीएससीपी ० करून टाकतो. लोक क्यूओएस चालू केलं म्हणून खूश असतात आणि मार्किंग तिथेच मरतं. फोनच्या आणि पीबीएक्सच्या पोर्टला ट्रस्ट डीएससीपी द्या.

व्हॉइस व्हीलॅन (त्याच वायरवर फोनचं वेगळं नेटवर्क) केलेला नसेल तर सवडीने करा, फोन एलएलडीपी-मेडने (स्विच फोनला माहिती देतो तो प्रोटोकॉल) स्वतःच व्हीलॅन उचलतात, फोनच्या मागे लावलेला पीसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये राहतो. मात्र व्हीलॅन म्हणजे प्रायॉरिटी नव्हे, त्याने ट्रॅफिक वेगळं होतं, पुढे कोण जाणार ते क्यूच ठरवते. हा गैरसमज फार आहे.

वायरिंग_वेडा | बुधवार, रात्री ९.४०

एनओसी भाऊ, ताई, मी वर लाइन वाढवा म्हणालो ते मागे घेतो. आमच्याकडे कदाचित १०० केल्यावर रांग लागायची वेळच कमी झाली असेल. उद्या आमच्या क्यूचे काउंटर पण बघतो.

फोर्टचा_आयटीवाला | शुक्रवार, रात्री ८.३०

काल सकाळी ऑफिस सुरू व्हायच्या आधी सगळं लावलं. फास्टट्रॅक बंद, सीपीयू वाढला पण ३० टक्क्यांच्या वर गेला नाही. अपलोडला पॅरेंट ९, डाऊनलोडला ४५, पीबीएक्सच्या यूडीपीला मार्क, ॲस्टेरिस्कमध्ये ईएफ. स्विच २९६० नाहीये, दुसऱ्या कंपनीचा आहे, पण त्यातही ट्रस्ट बंदच होता, चालू केला.

मग दुपारी मुद्दाम स्कॅनवाल्या दादांना सांगितलं की आज गठ्ठा मोठा टाका, थांबू नका. सिंक पूर्ण जोरात चालू असताना पिंग १५ च्या वर गेला नाही. बाहेर जाणाऱ्या आवाजाचं वायरशार्कमध्ये (पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) बघायचं तर ते लाइनच्या पलीकडून पकडावं लागतं, म्हणून वाशीच्या आमच्या गोडाऊनमधल्या फोनला कॉल लावला आणि तिथल्या पीसीवर पकडला. आरटीपी स्ट्रीममध्ये लॉस ०, जिटर (पॅकेटमधल्या अंतराचा चढउतार) ३ मिलिसेकंद. सोमवारी असाच पकडून ठेवला होता त्यात लॉस ४.८ टक्के होता आणि दोन पॅकेटमधलं सगळ्यात मोठं अंतर ३१० मिलिसेकंद, जिथे २० असायला हवं.

काका, खिडकीची रांग तुमच्यामुळे सापडली. डुप्लेक्स बरोबर होतं, पण त्या रांगेच्या लहान स्विचच्या अपलिंकवर एफसीएस एरर भराभरा वाढत होते. वायर सोडवत भिंतीपर्यंत गेलो, आयओचं झाकण उघडलं तर आत एसीचं पाणी झिरपून सगळं ओलं आणि पंच केलेल्या तांब्यावर हिरवा थर चढलेला. पावसाळ्यापासून तसंच असणार. आयओ वर सरकवून लावला, नवीन तुकडा ओढला, टेस्टर लावला. कालपासून त्या पोर्टवर एक एरर नाही.

आज ४.१० ला त्याच मुलीने कंटेनर नंबर दिला, समोरच्याने तो तसाच्या तसा परत वाचून दाखवला, एकदाच. तिने माझ्याकडे बघून मान हलवली.

१०० च्या लाइनचं साहेबांना नको म्हणून सांगितलंय, त्याऐवजी बॅकअपला ४जी घेऊ असं ठरतंय. त्यावर अपलोड कधी ३ कधी ७ येतो, मग मॅक्स-लिमिट किती ठेवायची?

नेटवर्कवाली_ठाणे | शुक्रवार, रात्री ९.०५

वाचून फार बरं वाटलं.

४जी ला सगळ्यात कमी आकडा धरा. आठवडाभर दुपारी मोजा, कमीत कमी ३ येत असेल तर अडीच ठेवा. बाकीच्यांना हळू वाटेल पण बॅकअपवर असताना फोन चालणं महत्त्वाचं. फायबर गेली की स्कॅनचं सिंक आपोआप थांबेल असा रूल टाका, त्या पीसीचं ट्रॅफिक ४जी च्या इंटरफेसवरून बाहेर जायला बंद. आणि ट्रंकवाल्यांकडे जी.७२९ (कमी जागा घेणारा कोडेक) चालत असेल तर बॅकअपवर तो वापरा, आयपीच्या पातळीवर कॉल ८० ऐवजी २४ केबीपीएसमध्ये बसतो. आवाज थोडा पातळ लागतो, पण आकडे नीट कळतात. एकदा ऑफिस सुटल्यावर फायबरची वायर खरंच उपसून टेस्ट करा, नुसतं सेटिंग बघून ठेवू नका.